पुसट पार्श्वभूमी

यंत्र माणसाच्या हातातील कष्ट कमी करते, तेव्हा त्या कष्टांबरोबर एखादा निर्णयही ते हळूच उचलून नेते. आणि कष्ट गेल्याच्या आनंदात निर्णय गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या विधानाचे एक अगदी घरगुती उदाहरण आज बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाइल फोनच्या कॅमेऱ्यात ‘पोर्ट्रेट मोड’ नावाची जी सोय असते, तिच्याविषयी मी बोलत आहे. ती निवडून कोणाचा फोटो काढला म्हणजे चेहरा लख्ख उठून दिसतो आणि त्याच्यामागील भिंत, कपाट, झाड, माणूस, जे काही असेल ते मऊ, पुसट होऊन विरघळून जाते. मुंजी-साखरपुड्यापासून परदेशी निघालेल्या मुलाच्या निरोपापर्यंत घरोघरी आता फोटो निघतात ते असे. फोन पाच-सात वर्षांचा जुना असला तरी त्यात ही सोय बहुधा असते, आणि मुळात नसली तर एखादे अ‍ॅप घालून ती आणता येते. इतक्या निरुपद्रवी वस्तूवर नीतिशास्त्राचे भिंग रोखणे म्हणजे पांडित्याचा अतिरेक, असे कित्येकांस वाटेल. पण फोटोच्या मागच्या बाजूस काय राहावे आणि काय जावे, हे ठरवणे ही लहान गोष्ट नाही, आणि ती कोण ठरवतो हा प्रश्न तर मुळीच लहान नाही.

प्रथम ही गोष्ट घडते कशी, ते पाहू. पार्श्वभूमी पुसट होणे हा मुळात भिंगाच्या आकाराचा परिणाम आहे. प्रकाश आत येण्याचे द्वार जितके रुंद, तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद. त्या पट्टीच्या अलीकडे-पलीकडे जे असेल ते पसरट होत जाते. व्यक्तिचित्रे काढणारा धंदेवाईक छायाचित्रकार ८५ मिलिमीटरचे भिंग एफ १.८ इतके उघडतो, तेव्हा ते द्वार सुमारे ४७ मिलिमीटर रुंद असते. फोनच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर पुष्कळदा चार मिलिमीटरच्या आसपास; तेही एफ १.८ असले तरी द्वार जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचे. एवढ्या चिमुकल्या द्वारातून पाहणाऱ्यास हातभर अंतरावरचे आणि अंगणापलीकडचे जवळजवळ सारखेच स्पष्ट दिसते. फोनचा कॅमेरा असा स्वभावतः समदर्शी आहे.

हा समदर्शीपणा गिऱ्हाइकांस रुचेना; म्हणून गणिताच्या बळाने तो घालवण्याचे प्रयत्न झाले. २०१४ साली गूगलने आपल्या कॅमेरा अ‍ॅपमध्ये ‘लेन्स ब्लर’ आणले. त्यात फोन हातात धरून सावकाश वर उचलत न्यावयाचा. त्या हालचालीत टिपलेल्या अनेक प्रतिमा ताडून जवळचे कोणते व दूरचे कोणते याचा अंदाज अ‍ॅप बांधी. २०१६ च्या आयफोन ७ प्लसला पाठीमागे दोन भिंगे होती, आणि आपण दोन डोळ्यांनी अंतर जोखतो त्याच न्यायाने तो अंतर जोखी. पुढच्याच वर्षी पिक्सेल २ ने हेच काम एका भिंगावर करून दाखवले: भिंगाच्या दोन अर्धांतून येणाऱ्या प्रकाशातील अतिसूक्ष्म तफावत त्याने मापली, आणि जोडीला, असंख्य छायाचित्रे दाखवून ‘माणूस’ ओळखावयास शिकवलेली गणिती यंत्रणा बसवली. २०१८ चा आयफोन एक्सआर तर समोर माणूस सापडल्याखेरीज पोर्ट्रेट मोड चालूच करीत नसे. घरचा लाडका कुत्रा कितीही स्तब्ध बसला तरी यंत्राच्या लेखी तो पार्श्वभूमीतच जमा. हॅलाइड नावाच्या अ‍ॅपने त्याच वर्षी ही त्रुटी भरून काढली आणि कुत्र्या-मांजरांस पुढच्या रांगेत जागा मिळाली. गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी आहे खरी. परंतु तीत एक मर्म आहे. कोण पुढे आणि कोण मागे, हा प्रश्न अंतराचा होता, तो इथे ओळखीचा झाला. यंत्र ज्यास ओळखते तो पुढे.

आता कोणी म्हणेल, मागचे पुसट करणे हे काही फोनने काढलेले खूळ नव्हे. ते खरेच आहे. कलकत्त्यास १८१५ साली जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी प्रथम कॅमेरा आला, आणि हर्शेल, टेनिसन, डार्विन यांची त्यांनी काढलेली चित्रे आज जगभर मान्य आहेत. त्या काळी मात्र, या बाईंस भिंग नीट लावता येत नाही, म्हणून व्यवसायातील मंडळींनी त्यांची टर उडवली. स्पष्टता कोणती खरी हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न त्यांनी हर्शेल यांना पत्रातून केला होता. उलट, १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी जो संप्रदाय काढला त्याने ‘एफ ६४’ हे भिंगाचे अगदी बारीक छिद्रच आपले नाव म्हणून घेतले, कारण पुढचा दगड आणि मागचा डोंगर दोन्ही सारखेच रेखीव दिसले पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. रसिकांनी दोन्ही संप्रदायांस मान दिला आहे.

आपल्याकडचेच पाहावयाचे तर जुन्या स्टुडिओतील रंगवलेला पडदा आठवावा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली, आणि पुढे गावोगाव जे स्टुडिओ निघाले त्यांत संगमरवरी जिना, गुलाबांची कुंडी आणि दूरवर तळे असा पडदा मागे सोडून कारकुनाचे कुटुंब सरदारासारखे बसवले जाई. त्या कुटुंबाच्या दोन खोल्या पडद्याने झाकल्या, म्हणून त्यास कोणी लबाड म्हटले नाही. किंबहुना पडदा हा पडदा आहे हे सर्वांनाच दिसत असे. जिन्याची पायरी जमिनीला जेथे टेकावयाची तेथे सतरंजीची घडी आलेली असे. झाकणे आणि फसवणे यांत जो फरक आहे, तो पुष्कळदा या दिसणाऱ्या घडीतच असतो.

मग पोर्ट्रेट मोडचे वेगळेपण ते काय? आपल्या नैयायिकांच्या परिभाषेत ते मला अधिक नेमके सांगता येते. छायाचित्रास आपण आजवर प्रत्यक्षाचा मान देत आलो. वस्तूवरून निघालेला प्रकाश काचेतून येऊन फिल्मवर पडला, या कार्यकारणसंबंधात मध्ये कोणाचे मत नव्हते. भिंगाने मागचे पुसट केले तरी ते प्रकाशाच्याच नियमाने केले. त्यात दहा फुटांवरचा राजा आणि दहा फुटांवरचा पाणक्या यांस एकच न्याय. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये मात्र प्रत्यक्षाला अनुमानाचे ठिगळ लावलेले असते. अशा अशा आकृती माणसाच्या असतात, त्यांच्याभोवतीचे ते मागचे असते, अशी व्याप्ती यंत्र हजारो दृष्टांतांवरून शिकलेले असते आणि प्रत्येक नव्या चित्रास ते ती लावते. २०२० च्या एकाच भिंगाच्या आयफोन एसईची एक गंमत त्या वेळी जाणकारांनी दाखवून दिली होती: एखादे छापील छायाचित्र त्याच्यासमोर धरले, तर त्या सपाट कागदातही तो खोली कल्पून पाठीमागचा भाग पुसट करी. कागदावर पुढे काय नि मागे काय! धूर पाहून अग्नी मानावा, आणि धूर चित्रातला निघावा, तशातला हा प्रकार. हा असिद्ध हेतू होय, असे म्हणून न्यायशास्त्राचा विद्यार्थी मोकळा होईल. अनुमान करणे हे काही पाप नव्हे. आपण सर्वच दिवसभर तेच करतो. अडचण एवढीच, की इथे अनुमान हे प्रत्यक्षाचा पोशाख चढवून येते आणि त्याला घडी दिसत नाही.

प्रकाशाने केलेला लोप आणि अनुमानाने केलेला लोप यांतील भेद छायाचित्रकलेच्या अगदी आरंभीच्या एका चित्रात फार सुंदर दिसतो. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेरने आपल्या खिडकीतून एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. प्लेटवर ठसा उमटावयास कित्येक मिनिटे लागत. त्यामुळे चालणारी माणसे, घोडे, गाड्या यांचा मागमूसही त्यावर राहिला नाही. राहिला तो फक्त कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेण्यासाठी स्थिर उभा राहिलेला एक मनुष्य, आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची अस्पष्ट आकृती. पृथ्वीवरील ज्या माणसांची प्रतिमा प्रथम छायाचित्रात उतरली असे मानतात त्यांत एक बूट पुसणारा आहे. बग्गीतून गेलेल्या धनिकांस प्रकाशाने गाळले आणि त्याला ठेवले. हे न्यायाने झाले असे मी म्हणत नाही; ते आंधळेपणाने झाले. परंतु आंधळेपणात पक्षपात नसतो, आणि त्यामुळे कधी कधी न्यायाहून मोठी गोष्ट हातून होऊन जाते.

तशी एक आमच्या घरी झालेली आहे. १९२० च्या सुमारास काढलेले एक छायाचित्र आमच्या कपाटात आहे. वाड्याच्या चौकात पणजोबा पागोटे घालून खुर्चीवर बसले आहेत, शेजारी पणजी, पुढे सतरंजीवर मुले. छायाचित्रकाराने बसवले ते एवढेच. पण या सर्वांच्या पाठीमागे माजघराच्या दारात, चौकटीला एक हात लावून, आलवण नेसलेली आणि डोक्यावरून पदर घेतलेली एक स्त्री अर्धीमुर्धी उभी आहे. ती पणजोबांची थोरली बहीण. घरात तिला सगळे आक्का म्हणत. दहाव्या-बाराव्या वर्षी वैधव्य येऊन ती माहेरी परतली, आणि सतरंजीवर बसलेली ती सर्व मुले तिच्या हातांवर वाढली. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिने फोटोत बसावयाचे नव्हते. तिला कोणी बोलावलेही नसेल. बाहेर काय चालले आहे ते पाहावे म्हणून ती दाराशी आली असावी. अंतरामुळे तिचा चेहरा किंचित मंद आला आहे. तरी नाक-डोळे ओळखू येतात, आणि माझ्या आत्याच्या हनुवटीशी तिची हनुवटी तंतोतंत जुळते. आक्काच्या नावाने आमच्या घरी भांडे नाही, पत्र नाही, सही नाही. हा अर्धा चेहरा तेवढा आहे.

घराने तिला मागे ठेवले होते. शास्त्र, रूढी, शेजारपाजार, सर्वांचे तिच्याविषयी एकमत होते. कॅमेऱ्यास तेवढी ही रूढी ठाऊक नव्हती. त्या दिवशी त्या छायाचित्रकाराच्या हाती आजचा फोन असता आणि पोर्ट्रेट मोड चालू असता, तर पुढची माणसे ओळखून त्याने दार, चौकट आणि आक्का यांचा एकच करडा डाग केला असता. कोणाच्याही मनात दुष्टावा नसता. यजमानाची जी इच्छा रूढीने घडवलेली होती ती यंत्राने न सांगता पुरी केली असती, आणि फोटो फार सुरेख आला म्हणून सर्वांनी त्यास वाखाणले असते.

पार्श्वभूमी हा छायाचित्राचा असा भाग आहे, की जो काढणाऱ्याने योजलेला नसतो. आणि न योजलेले हेच पुढे बहुधा मोलाचे ठरते. पुढे बसलेल्या माणसाने चेहरा कसा ठेवावयाचा ते ठरवलेले असते. मागच्या फळीवर कोणते डबे होते, भिंतीवर कोणाची तसबीर होती, दिवा कंदिलाचा की विजेचा होता, आणि दारात कोण उभे होते, हे कोणी ठरवलेले नसते. म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो. आजच्या लग्नाच्या कार्यालयात ताटे उचलणारा पोरगा, सणाच्या दिवशी सर्वांचे जेवण होईपर्यंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच असणारी सून, भांडी घासावयास येणाऱ्या मावशी, कोपऱ्यातील खुर्चीवर बसवून ठेवलेले आणि कोणाशी फारसे न बोलणारे चुलत आजोबा, ही सर्व आपल्या फोटोंत मागे असतात. त्यांना आपण मागे ठेवलेले असते, हे आधी कबूल केले पाहिजे. यंत्र दुसरी पायरी चढते एवढेच.

इथे दोन आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की प्रेमाने पाहणारा डोळाही हेच करतो. शरीरशास्त्र सांगते की डोळ्यास एका क्षणी पूर्ण रेखीव दिसते ते फार थोडे. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे म्हणता येईल. बाकीचे सर्व पुसटच. आई लेकराकडे पाहते तेव्हा मागचे कपाट तिच्यापुरते नसतेच. मग फोटोत ते नसले तर बिघडले काय? बिघडले ते हे, की डोळा वळू शकतो. आता जे कडेला आहे त्याच्याकडे पुढच्या क्षणी पाहता येईल, या मोकळीकेवरच एकाग्रतेचा निरपराधीपणा उभा आहे. चित्रातील पुसटपणाकडे कितीही वळून पाहिले तरी तो पुसटच राहतो.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. २०२० साली महाविद्यालये बंद होऊन वर्ग फोनच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा बहुतेक विद्यार्थी आपला कॅमेरा बंद ठेवीत. आम्ही अध्यापक त्यास आळस समजत होतो. तोंडी परीक्षेस कॅमेरा लावणे भाग पडले त्या दिवशी एका मुलाच्या मागे दोरीवर वाळणारे कपडे, जमिनीवर निजलेला धाकटा भाऊ आणि स्टोव्हपाशी बसलेली आई, असे सगळे घर एकदम उघडे झाले. त्याने काही न बोलता फोन उचलला, जागा बदलली, आणि भिंतीला अगदी पाठ टेकवून उरलेली उत्तरे दिली. त्या मुलास मागचे पुसट करणारी सोय हवी होती आणि ती मिळणे योग्यच झाले असते. तिच्यासाठी लागणारा नवा फोन मात्र ज्यांना काही झाकावयाचे नव्हते त्यांच्याकडे होता. झाकण्याचीही ऐपत लागते, हे त्या वर्षी मला कळले. तेव्हा पुसट करणे म्हणजे अन्याय, असा सरसकट नियम करणारा मनुष्य मला त्या मुलाच्या खोलीत कधी न गेलेला वाटेल. चौपाटीवर आपल्या मुलीचा फोटो काढताना मागे कोणी परकी स्त्री आली आणि ती पुसट झाली, तर त्यात तिची मर्यादाच राखली गेली. आपले घर झाकण्याचा अधिकार आपला आहे. परक्याचा चेहरा झाकणे हे सौजन्य आहे. आपल्या माणसाचा चेहरा झाकणे हे निराळेच काहीतरी आहे. या तिन्ही गोष्टी पडद्यावर अगदी एकसारख्या दिसतात. यंत्रास त्यांतील भेद कळणे शक्य नाही, आणि तो कळण्यासाठी जो क्षणभर विचार करावयाचा, तोच क्षण या सोयीने वाचवलेला आहे.

या दृष्टीने मला जुना फोन नव्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. त्याचे अनुमान वारंवार चुकते. गजऱ्यातील सुटी फुले हवेत विरतात, चष्म्याची काडी कानापाशी तुटते, कमरेवर ठेवलेला हात आणि कंबर यांच्यामधल्या त्रिकोणात मागची भिंत लख्ख तशीच राहून जाते. हीच ती सतरंजीची घडी! पाहणाऱ्यास कळते की इथे कोणीतरी कात्री चालवली आहे. नव्या फोनांत या चुका कमी होत आहेत, आणि जाहिरातदार त्यास प्रगती म्हणतात. कौशल्याची ती प्रगती आहेच. जुन्या फोनवर वापरता येणारी काही अ‍ॅप तर याहून सरळ आहेत. स्नॅपसीडमध्ये मागचे पुसट करावयाचे झाले तर स्पष्ट ठेवावयाचे वर्तुळ आपल्या बोटाने ओढून बसवावे लागते. त्या वर्तुळाबाहेर कोण राहिले ते बोटाखालीच दिसते. काम ओबडधोबड होते, पण ते केल्याची जाणीव करणाऱ्यास असते. याच जुन्या फोनवर भिंगाचे अ‍ॅप आहे, त्याने औषधाच्या पट्टीवरील बारीक तारीख वाचता येते. कागदपत्रांची प्रत काढणारे अ‍ॅप आहे. फळी सपाट बसली की नाही ते सांगणारे आहे. ही सर्व जे आहे ते अधिक नीट दाखवण्याच्या कामी येतात, आणि घरातील वृद्ध माणसे फोनची स्तुती करतात ती बहुधा यांच्यासाठी. पोर्ट्रेट मोड त्यांच्याच शेजारी बसून अगदी उलट धंदा करतो, हे सहसा कोणाला जाणवत नाही.

पुष्कळ फोन पुसट केलेल्या चित्राबरोबर मूळचे स्पष्ट चित्रही राखून ठेवतात, आणि मागाहून पुसटपणा कमी-जास्त करता येतो, हे सांगितले पाहिजे. मग आक्का गेली कोठे, असे कोणी विचारील. ती मूळ प्रत काढणाऱ्याच्या फोनमध्ये असते. नातेवाइकांस जी पाठवली जाते ती नेहमीची सपाट प्रत. तीत मागचे परत आणण्याची किल्ली नसते. चार-पाच वर्षांनी फोन मोडतो किंवा बदलतो, आणि मूळ प्रत कोठे होती हे कोणाला आठवत नाही. उरतात त्या वाटलेल्या प्रती, आणि उद्याच्या कपाटात जे छायाचित्र सापडावयाचे ते त्यांतलेच एखादे. म्हणून सर्व मंडळी जमलेली असतील तेव्हा तेवढी ही सोय बंद ठेवावी, असे मी घरच्या मुलांस सांगत असतो. ती हसतात आणि म्हणतात, बाबा, मागे कपडे वाळत आहेत, सगळा पसारा दिसतो. तो दिसतो खरा.